डब्यावरचा हिरवा त्रिकोण काय सांगतो आणि काय सांगत नाही

प्रश्न असा आहे: ‘औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण हिरवा असेल तर हातमोजे, मास्क न घालता फवारलं तर चालेल का? आणि एखादी गोष्ट विषारी आहे हे ठरवतात तरी कशावरून?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: नाही. का नाही, हे कळायला दुसऱ्या प्रश्नात शिरावं लागेल. एक गंमत आधीच नोंदवून ठेवतो. किडी मारायच्या विषाला आपण सगळे ‘औषध’ म्हणतो. मीही खाली तोच शब्द वापरणार आहे, पण निम्मा घोळ त्या शब्दानेच घातलेला आहे.

डब्यावरची खूण खरं तर चौकोन आहे, टोकावर उभा केलेला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो, म्हणून सगळे त्याला त्रिकोण म्हणतात. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार रंग असे ठरतात. तोंडावाटे दिल्यावर एलडी-५० (म्हणजे काय ते लगेच खाली सांगतो) शरीराच्या वजनाच्या किलोमागे १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा आणि ५००० च्या वर असेल तर हिरवा. कातडीवाटे जाणाऱ्या मात्रेसाठी हेच आकडे चौपट आहेत: लाल २०० पर्यंत, पिवळा २००० पर्यंत, निळा २०,००० पर्यंत. वरच्या भागात लालसाठी कवटी आणि ‘विष’ हा शब्द, पिवळ्यासाठी नुसतं ‘विष’, निळ्यासाठी ‘धोका’ आणि हिरव्यासाठी ‘सावधान’ या अर्थाचे शब्द असतात. हिरव्यावरही ‘सावधान’ लिहिलेलं आहे, इकडे कुणाचं लक्ष जात नाही.

एलडी-५० म्हणजे ज्या मात्रेने चाचणीतले निम्मे प्राणी, बहुधा उंदीर, मरतात ती मात्रा. जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये ही पद्धत मांडली. त्यांना औषधांची ताकद एकमेकांशी ताडून बघायची होती. पहिला उंदीर कधी मरतो ते मोजलं तर आकडा नशिबावर जातो, शेवटचा कधी मरतो ते मोजलं तरी तेच. मधला आकडा त्यातल्या त्यात स्थिर असतो, म्हणून ५०. आकडा जितका लहान तितकं विष जहाल, हे उलटं गणित डोक्यात पक्कं बसवा. दुकानातही इथे गफलत होते.

आता घरातलं मीठ घ्या. उंदरांत मिठाचा एलडी-५० किलोमागे सुमारे ३००० मिलिग्रॅम आहे. हाच नियम लावला तर मिठाच्या पुडीवर निळा त्रिकोण येईल आणि चहा-कॉफीतल्या शुद्ध कॅफिनवर पिवळा. याचा अर्थ मीठ मँकोझेब या हिरव्या त्रिकोणाच्या बुरशीनाशकापेक्षा घातक आहे असा होत नाही. अर्थ एवढाच, की त्रिकोण एकाच अरुंद प्रश्नाचं उत्तर देतो: एका दमात किती पोटात गेलं तर निम्मे उंदीर मरतात? रोज थोडंथोडं वर्षभर गेलं तर काय, फुप्फुसातून गेलं तर काय, गर्भावर काय, मधमाशीवर काय, उतारा आहे की नाही, यातलं काहीही त्या रंगात नाही. विषारीपणा हा डब्यात भरलेला गुण नसतो. कोणता पदार्थ, किती, कोणत्या वाटेने, किती दिवस आणि कोणाच्या शरीरात, ही पाच उत्तरं मिळाली की मग एखादी गोष्ट विषारी आहे की नाही ते बोलता येतं.

रंग कसा फसवतो त्याची दोन टोकं सांगतो.

मँकोझेब हे हिरव्या त्रिकोणाचं बुरशीनाशक द्राक्ष, टोमॅटो, बटाट्यावर सर्रास वापरलं जातं. त्याचा एलडी-५० ५००० च्या वर, म्हणजे एका दमात मारण्याच्या बाबतीत मिठापेक्षाही सौम्य. पण त्याचं विघटन होऊन इथिलीन थायोयुरिया तयार होतं आणि ते थायरॉइड ग्रंथीचं काम अडवतं. पोतं उन्हात, दमट जागी ठेवलं तर हे विघटन गोदामातच सुरू होतं. प्रजननाला बाधा आणि संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ, या कारणांनी युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये त्याच्या मंजुरीचं नूतनीकरण नाकारलं. त्याचा एलडी-५० तेव्हाही तोच होता.

दुसरं टोक पॅराक्वाट हे तणनाशक. त्याचा त्रिकोण पिवळा, म्हणजे लालवाल्यांपेक्षा एक पायरी खाली. पण लालपैकी बऱ्याच औषधांवर निदान काही उतारा आहे, पॅराक्वाटवर नाही. फुप्फुसाच्या पेशी स्वतःला लागणारी काही द्रव्यं ज्या वाटेने आत ओढतात, त्याच वाटेने पॅराक्वाट आत शिरतं. आत ते प्राणवायूला इलेक्ट्रॉन देतं, पुन्हा नवा इलेक्ट्रॉन घेतं, पुन्हा देतं. एकच रेणू हे चक्र फिरवत राहतो आणि प्रत्येक फेरीत पेशीचं आवरण जाळणारा प्राणवायू तयार होतो. म्हणून या विषबाधेत धाप लागल्याबरोबर ऑक्सिजन लावणं डॉक्टर टाळतात, रक्तातलं प्रमाण फारच खाली गेल्याशिवाय लावत नाहीत. आगीत फुंकर घातल्यासारखं होतं. बाकी जवळजवळ सगळ्या रुग्णांना जी गोष्ट पहिल्यांदा दिली जाते, तीच इथे अपाय करते.

आता विष शरीरात नेमकं करतं काय? बहुतेक विषं सगळ्या शरीरावर धावून जात नाहीत. ती एखादं कुलूप शोधतात. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या औषधांवरून हे चांगलं समजतं: मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट. मज्जातंतू स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप देतो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून. निरोप पोचला की कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) ते रसायन तोडतं आणि जागा मोकळी होते. ही औषधं नेमकी त्या विकराला चिकटतात. निरोप पुसला जात नाही, घंटी वाजतच राहते. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी, घाम, उलटी-जुलाब, लघवीवर ताबा नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी मंद, छातीत घरघर. दंडाचे, मांडीचे स्नायू कातडीखाली वळवळतात आणि मग लुळे पडतात. माणूस जातो तो बहुधा श्वासाने: छातीत पाणी भरतं आणि श्वासाचे स्नायू थकतात, दोन्ही एकदम.

अळीचंही हेच विकर असतं, म्हणूनच ती मरते. या गटाची मूळ अडचण इथेच आहे. कुलूप अळीकडे आणि माणसाकडे एकच आहे.

लक्षणं कधी दिसतील ते औषधावर असतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस जसे आत जातात तसेच कामाला लागतात. क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस यांच्यात गंधकाचा अणू असतो. यकृत तो काढून तिथे प्राणवायू बसवतं आणि मग खरं विष तयार होतं. त्यामुळे दुपारी फवारणी करून आलेला माणूस संध्याकाळी धडधाकट दिसतो आणि रात्री घामाघूम होतो. ‘उन्हाने झालं असेल’ म्हणून सकाळपर्यंत थांबतात, आणि तेवढ्यात विकरावरची पकड ‘पिकते’. औषध विकराला आधी सैल चिकटतं, नंतर त्याचा एक तुकडा गळतो आणि जोड कायमचा होतो. मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएटसारख्या औषधांत अडकलेलं निम्मं विकर साधारण पावणेचार तासांत असं पक्कं होतं, तर क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉसमध्ये सुमारे ३३ तासांत. प्रॅलिडॉक्झिम, म्हणजे दवाखान्यातलं ‘पाम’, सैल जोड सोडवतं, पक्का झालेला सोडवत नाही. सगळ्या रुग्णांना त्याचा गुण येतोच असंही नाही. जीव वाचवण्याचा खरा भार ॲट्रोपिनवर असतो. मोठ्या माणसाला ते शिरेतून २-३ मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि छाती मोकळी होऊन नाडी ८० च्या वर येईपर्यंत दर पाच मिनिटांनी दुप्पट करतात. पण ॲट्रोपिन स्राव थांबवतं, लुळ्या पडलेल्या स्नायूंवर त्याचा काही इलाज चालत नाही. म्हणून बरा वाटणारा रुग्ण एक ते चार दिवसांत मान उचलू न शकण्याइतका गळतो आणि त्याला श्वासाचं यंत्र लागतं. ‘आता बरा दिसतोय’ म्हणून दुसऱ्या दिवशी घरी नेण्याचा हट्ट जिवावर बेततो तो असा.

हे सगळं फक्त पोटातून गेलेल्या विषाबद्दल नाही. फवारणाऱ्याच्या बाबतीत मुख्य वाट कातडीची आहे आणि याच वाटेला सगळे हलक्यात घेतात. या गटातल्या पॅराथिऑनचे माणसांवरचे जुने प्रयोग आहेत. सारखीच मात्रा शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावली आणि किती आत गेली ते मोजलं. मनगट-कोपर यांमधल्या भागातून साधारण ९ टक्के, तळहातातून १२, डोक्याच्या कातडीतून ३२, कपाळातून ३६, कानाच्या आतून ४६, काखेतून ६४ आणि वृषणाच्या पिशवीतून जवळजवळ १०० टक्के. आता पंप पाठीवर घेतलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. झाकणाचं वॉशर फाटलेलं, चालताना हिंदकळून औषध पाठीवर, तिथून कमरेला आणि जांघेत. पँट ओली आहे, पण दोन पंप राहिलेत म्हणून तो तसाच फिरतोय. हातांची काळजी घेऊन कंबर ओली ठेवणं म्हणजे दार लावून खिंडार उघडं ठेवणं.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षी कपाशी अनेक ठिकाणी डोक्यावर गेली होती. गुडघ्याएवढ्या पिकात फवारा खाली पडतो. डोक्याएवढ्या पिकात तो तोंडावर येतो, ओल्या पानांतून चालताना सगळं अंग पुसलं जातं आणि ओळीत वाराही नसतो. वरून उकाडा. घामाने भिजलेल्या, रक्त उसळलेल्या कातडीतून औषध जास्त आत जातं. मोटारीच्या पंपाचे थेंब हातपंपापेक्षा बारीक, ते हवेत जास्त वेळ तरंगतात आणि श्वासातून जातात. त्यात एकाच टाकीत दोन-तीन औषधं. उंदराला तोंडावाटे एकच पदार्थ देऊन काढलेल्या आकड्यात यातलं काहीच धरलेलं नसतं.

मिश्रणांचं वेगळं सांगायला हवं, कारण ‘दोन्ही पिवळे आहेत, मिळूनही पिवळंच’ असा समज आहे. आपल्या शरीरात कार्बॉक्सिलएस्टरेज नावाची विकरं असतात. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं आपल्याला अळीइतकी बाधत नाहीत, त्याचं एक मोठं कारण ही विकरं. ती त्यांना पटकन तोडतात. प्रोफेनोफॉस नेमकं याच विकरांना बांधून टाकतं. अळीची प्रतिकारशक्ती मोडायला ही जोडी चांगली, म्हणून ४० टक्के प्रोफेनोफॉस आणि ४ टक्के सायपरमेथ्रिनचं तयार मिश्रण बाजारात आहे. पण ढाल जशी अळीची मोडते तशी फवारणाऱ्याचीही. १९७६ मध्ये पाकिस्तानात मलेरिया निर्मूलनाच्या फवारणीत हेच वेगळ्या वाटेने घडलं. मॅलॅथिऑन हे माणसाला फारसं न बाधणारं औषध, कारण तीच विकरं. पण तिथल्या मालात साठवणुकीत आयसोमॅलॅथिऑन तयार झालं होतं, त्याने विकरं बांधली आणि सुमारे २८०० कामगारांना बाधा झाली, पाच जण दगावले. पत्र्याच्या खोलीत दोन उन्हाळे काढलेला डबा कमी तेज होतो असं समजू नका. काही औषधं जुनी झाल्यावर जास्त विषारी होतात.

‘कोणाच्या शरीरात’ या प्रश्नाचं सर्वांत कडू उदाहरण गिधाडांचं. डायक्लोफिनॅकची ५० मिलिग्रॅमची गोळी ६० किलोचा माणूस सांधेदुखीला घेतो, म्हणजे किलोमागे ०.८ मिलिग्रॅमच्या आसपास. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचा एलडी-५० किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम आहे. त्याच्या मूत्रपिंडाचं काम बंद पडतं, यूरिक आम्ल बाहेर जात नाही आणि आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर बसतो. दोन दिवसांच्या आसपास पक्षी मरतो. जनावरांना दिलेलं औषध मेलेल्या जनावरातून गिधाडात गेलं. शंभर मेलेल्या जनावरांत एखाद्यात जरी हे औषध असलं तरी कळप संपायला पुरे होतं, कारण एका मेलेल्या जनावरावर अख्खा कळप बसतो. भारतातली या जातीच्या गिधाडांची संख्या ९५ टक्क्यांहून जास्त घटली. कारण २००४ मध्ये सिद्ध झालं, २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. अमेरिकेतलं टर्की गिधाड मात्र याच्या शंभरपट मात्रा पचवतं. दोघांनाही आपण गिधाडच म्हणतो.

मधमाशी आणि मासे यांच्यासाठी दोन हिशेब पुरेत. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के, लिटरला ०.३ मिली: म्हणजे लिटरभर पाण्यात सुमारे ५० मिलिग्रॅम मूळ औषध आणि एका थेंबात २५०० नॅनोग्रॅम. मधमाशीसाठी नोंदलेला एलडी-५० वेगवेगळ्या चाचण्यांत ४ पासून ८० नॅनोग्रॅमपर्यंत आहे. सौम्यातला सौम्य आकडा धरला तरी एका थेंबात ३० मधमाश्यांची मात्रा आहे. पीक फुलावर असताना सकाळी दहाला फवारणं म्हणजे काय, ते यावरून समजा. दुसरा हिशेब सायपरमेथ्रिन २५ टक्क्यांचा. एका मिलीत २५० मिलिग्रॅम. मासे लिटरमागे दोन-तीन मायक्रोग्रॅमला मरू लागतात. तो एक मिली कागदावर लाखभर लिटर पाणी माशांना घातक करतो. ते गाळाला, शेवाळाला चिकटतं म्हणून प्रत्यक्षात एवढं होत नाही, पण पंप नाल्यात धुतल्यावर खालच्या डोहात मासे का तरंगतात याचं नवल वाटायला नको.

भाजी-फळांतल्या अवशेषांचा प्रश्न यात ओघाने येतो, म्हणून थोडक्यात. जनावरांना रोज दिली तरी काहीही परिणाम न दिसणारी सर्वांत मोठी मात्रा काढतात आणि तिला १०० ने भागतात: दहा जनावर-माणूस फरकासाठी, दहा माणसा-माणसांतल्या फरकासाठी. आयुष्यभर रोज चालेल अशी ही मात्रा. डब्यावरची काढणीपूर्व मुदत पाळली तर मालात किती राहील, त्यावरून अवशेषांची मर्यादा ठरते, आणि ती बहुधा या मात्रेच्या पुष्कळ खाली असते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटमुळे, म्हणजे बागायतदारांच्या लिहोसीन या वाढ रोखणाऱ्या औषधामुळे, आपली द्राक्षं युरोपात अडकली. ती खाऊन कुणी आजारी पडलं असतं असा त्याचा अर्थ नव्हता. मर्यादा ओलांडली होती एवढंच. घबराट करणारे आणि ‘काही होत नाही’ म्हणणारे, दोघेही या दोन रेषांची गल्लत करतात.

मग फवारताना काय करायचं? सर्वांत जास्त जपायची वेळ फवारणीची नाही, मिसळण्याची आहे. लिटरला २ मिली प्रमाण असेल तर डब्यातला १ मिली म्हणजे तयार फवाऱ्याचा अर्धा लिटर. बोटांवर ओघळलेला एक मिली आणि अंगावर ओतलेलं अर्धा लिटर द्रावण यांत औषध तेवढंच. म्हणून मोजताना नायट्राइलचे लांब हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा, मग डबा कोणत्याही रंगाचा असो. सुती किंवा चामडी मोजे नकोत. ते औषध शोषून हाताला लेप देत बसतात. ओला रुमाल तोंडाला बांधण्याचंही तेच. पीक कमरेच्या खाली असेल तर बाही मोज्याच्या वर ठेवा. डोक्याएवढं असेल आणि हात वर जात असेल तर मोजा बाहीच्या वर, नाहीतर ओघळ आत जातो. पँट नेहमी बुटाच्या बाहेर. पंप भरण्याआधी साध्या पाण्याने चालवून वॉशर आणि नळीचे जोड बघा. वाऱ्याला आडवं चाला, फवारलेल्या ओळीत पुन्हा शिरू नका. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका, जुना दात घासायचा ब्रश खिशात ठेवा. रिकामा डबा तीनदा खळबळून ते पाणी पंपातच टाका आणि डब्याला भोक पाडा. बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेच्या जेवणातून २३ मुलं गेली. स्वयंपाकाचं तेल मोनोक्रोटोफॉसच्या डब्यात ठेवलेलं होतं. मुलाचं वजन १५ किलो असेल तर तुमच्यापेक्षा चौपट मात्रा त्याच अवशेषातून त्याला मिळते.

बाधा वाटलीच तर आधी कपडे उतरवा, मग १०८. साबण आणि भरपूर पाण्याने १५-२० मिनिटं अंग धुवा, केस, कान, काख, जांघ विसरू नका. धुणाऱ्याच्या हातातही मोजे हवेत. डोळ्यांत गेलं असेल तर १५ मिनिटं पाण्याची धार. उलटी करवू नका: ईसी, म्हणजे पाण्यात दुधाळ होणाऱ्या, औषधांत सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) असतो, तो उलटीतून फुप्फुसात गेला तर दुसरंच दुखणं उभं राहतं. दूध-तूप पाजू नका, तेलात विरघळणारी औषधं त्याने उलट लवकर शोषली जातात. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर निजवा. आणि डबा किंवा त्याचं लेबल सोबत न्या. ॲट्रोपिन सेंद्रिय फॉस्फरसवर चालतं. डायफेन्थियुरॉनसारख्या औषधाचं कुलूपच वेगळं, तिथे त्याचा उपयोग नाही. ‘कपाशीचं औषध’ एवढ्या माहितीवर डॉक्टरला काही ठरवता येत नाही.

हंगामभर मजुरीने फवारणाऱ्यांसाठी शेवटचं एक. कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी आजारी पडल्यावर करण्यात निम्मा उपयोग वाया जातो, कारण निरोगी माणसांतही हा आकडा खूप वेगवेगळा असतो. जूनमध्ये, पहिल्या फवारणीआधी, स्वतःचा मूळ आकडा काढून ठेवा. ऐन हंगामात तो मूळ आकड्याच्या ८० टक्क्यांखाली आला तर कामाची पद्धत तपासा. तांबड्या पेशींतलं विकर ७० टक्क्यांखाली किंवा रक्तद्रवातलं ६० टक्क्यांखाली गेलं तर पंप खाली ठेवा, लक्षण एकही नसलं तरी. रक्तद्रवातलं काही आठवड्यांत भरून येतं. तांबड्या पेशींतलं नव्या पेशी येतील तसंच भरतं, त्याला तीन-चार महिने लागतात.